दोन खिळ्यांच्या आत

सोलापुरातल्या एका कापड गिरणीच्या घडी खात्यात मी अकरा वर्षं मोजणी कारकून होतो. त्या अकरा वर्षांतल्या दोन महिन्यांचा राग अजून गेलेला नाही. मी याद्या करणारा माणूस आहे. घरात किराण्याची यादी असते, कागदपत्रांची असते, प्रवासाला नेण्याच्या सामानाची असते. बायको म्हणते, एक दिवस तुम्ही रागाचीसुद्धा यादी कराल. म्हटलं, करू या.

आधी काम सांगतो, म्हणजे राग कशाचा ते कळेल.

साच्यांवर, म्हणजे गिरणीच्या यंत्रमागांवर, विणलेला प्रत्येक तागा माझ्या टेबलावर यायचा. धोतरांचं साधं पांढरं कापड, एक तागा चाळीस वारांचा. माणसं वार-वाराच्या घड्या टाकायची, मी मोजायचो. चाळिसावी घडी पडली की कापडाचं टोक कुठं येतं ते बघायचं. त्यासाठी टेबलाच्या कडेला पितळी पट्टी ठोकलेली होती. मधोमध शून्याची खाच, डावीकडे अठरा इंचांवर एक खिळा, उजवीकडे अठरा इंचांवर दुसरा. टोक शून्याच्या डावीकडे आलं तर तागा तेवढे इंच कमी, उजवीकडे आलं तर तेवढे जास्त. टोक दोन खिळ्यांच्या मध्ये असलं की तागा पास, आणि मी त्यावर 'चाळीस वार' असा निळा शिक्का मारायचो. बाहेर गेलं की तागा वेगळ्या ढिगात. टोक खिळ्याला नेमकं टेकलं तर? माझ्या आधीच्या कारकुनानं जाताना मला सांगितलं होतं, "टेकलं तरी आत. पलीकडं गेलं तर बाहेर." तेवढीच लेखी-तोंडी नियमावली.

मला ही पट्टी पहिल्याच दिवशी ओळखीची वाटली. हायस्कुलात आमच्या गणिताच्या मास्तरांना पुस्तकाबाहेरचं शिकवायची खोड होती. त्यांनी एकदा फळ्यावर दोन उभ्या रेघा ओढल्या आणि म्हणाले, "या रेघांमध्ये आकडा कोंडला की त्याचं अधिक-उणं बाहेर राहतं. आत उरतं ते नुसतं अंतर. उणे पाच आत गेला तरी पाचच." मग त्यांनी एक आडवी रेघ ओढली, मध्ये शून्य मांडलं आणि विचारलं की ज्यांचं शून्यापासून अंतर तीन किंवा तीनपेक्षा कमी आहे असे आकडे कुठं राहतात. आम्ही सगळे ओरडलो, "तीनच्या अलीकडे!" मास्तर चिडले. "अरे, मग उणे तीनच्या पलीकडचेही त्यात आले, त्यांचं काय?" उणे तीन ते तीन असा जाड पट्टा त्यांनी खडूनं रंगवला. टोकाचा आकडा धरायचा असेल तर तिथं भरीव ठिपका, वगळायचा असेल तर पोकळ. माझ्या टेबलावरचे ठिपके लोखंडी होते आणि भरीव होते, एवढाच फरक.

दहा वर्षं सगळं सुरळीत चाललं. एकोणीसशे तीसच्या थोडं आधी आमच्या खात्याला नवे साहेब आले. ते हिशेबनिसांच्या खोलीतून बढती मिळून आले होते. माणूस प्रामाणिक, वक्तशीर, अक्षर मोत्यासारखं. पैशाची अफरातफर त्यांच्या हातून स्वप्नातही झाली नसती. हे मी मुद्दाम लिहितो, कारण लबाड माणसावर रागावणं सोपं असतं.

त्यांनी आल्याबरोबर नवी वही काढली. प्रत्येक विणकराच्या नावाला एक पान. पानावर दोन रकाने, जास्त आणि कमी. तागा मोजला की जास्त इंच एका रकान्यात, कमी इंच दुसऱ्यात. महिन्याच्या शेवटी एका रकान्याच्या बेरजेतून दुसऱ्याची बेरीज वजा. बाकी अठरा इंचांच्या आत आली तर विणकर चांगला. बाहेर गेली तर एकदा ताकीद, आणि पुढच्या महिन्यातही तसंच झालं तर साचे काढून घ्यायचे आणि माणसाला बदलीवर टाकायचं. बदलीवर म्हणजे रोज सकाळी दारात उभं राहायचं. कोणी गैरहजर असला तर त्या दिवशी काम, नाही तर घरी परत.

मी वही बघितली आणि मला घाम फुटला. उन्हाळा होता हे खरं, पण घाम उन्हाळ्याचा नव्हता.

पहिल्या महिन्याचा निकाल असा लागला. खात्यात माढ्याकडचा एक तरुण गडी होता. हात चलाख, डोकं कुठं तरी भलतीकडं. साच्याच्या बीमला, म्हणजे उभा धागा गुंडाळलेल्या रुळाला, वजनं टांगलेली असतात; त्यांनी तो धागा ताणलेला राहतो. धागा जास्त ताणला की तागा लांब येतो, सैल सोडला की विणताना आटतो आणि आखूड येतो. हा गडी मनाला येईल तेव्हा वजन चढवायचा आणि मनाला येईल तेव्हा उतरवायचा. त्याचे तागे कधी तीस इंच जास्त, कधी तीस इंच कमी. चोवीसपैकी अकरा खिळ्यांच्या बाहेर. पण जास्तातून कमी गेले आणि बाकी उरली सात इंच. साहेबांच्या वहीत तो पहिला आला.

शेवटचे आले मामा. मामा म्हणजे भवानी पेठेतले एक तेलुगू विणकर. पन्नाशी उलटलेली, सगळं खातं त्यांना मामाच म्हणायचं. त्यांचा एकही तागा खिळ्याबाहेर गेलेला मी दहा वर्षांत पाहिला नव्हता. त्यांचा प्रत्येक तागा नऊ इंच जास्त यायचा. कधी आठ, कधी दहा, पण नऊच्या आसपासच. चोवीस ताग्यांचे नऊ-नऊ इंच मिळून दोनशे सोळा, म्हणजे सहा वार. साहेबांनी त्यांच्या पानावर लाल शाईनं रेघ मारली.

मी मामांना विचारलं, "मामा, हे नऊ इंच कुठून येतात?"

त्यांनी अंगठा आणि करंगळी ताणून वीत दाखवली. "हे? हे देतो मी."

"देता म्हणजे?"

"घरी माग हाय आमच्या. वडील लुगडं विणायचे, तेव्हा शेवटाला एक वीत जास्त. लुगडं धुतलं की आटतंय. बाईनं म्हणायचं न्हाय, साळ्यानं मला कमी दिलं. सगळी आळीच तशी विणते, राव. हितं साच्यावर मी दोन लहान वजनं जास्त टांगतो, झालं."

दहा वर्षं मोजत होतो आणि मला हे ठाऊक नव्हतं. मी फक्त खिळ्यांच्या आत की बाहेर एवढंच बघत होतो.

त्याच दिवशी मी साहेबांकडे गेलो. सोबत माझी यादी नेली. तिच्यात साहेबांच्या दोन रकान्यांपुढं मी तिसरा रकाना काढला होता: फरक. कमी की जास्त ते न बघता नुसतं अंतर. मामांच्या रकान्यातला सगळ्यात मोठा आकडा दहा. माढ्याच्या गड्याच्या रकान्यातला सगळ्यात मोठा एकतीस.

साहेबांनी यादी शांतपणे वाचली. "हे तिसरं कशाला?"

"साहेब, एक तागा तीस इंच कमी आणि दुसरा तीस इंच जास्त, म्हणजे दोन्ही तागे वाईट. बेरजेनं ते चांगले होत नाहीत."

"अहो, पण ते एकाच गठ्ठ्यात जातात. गठ्ठा घेणाऱ्या व्यापाऱ्याला एकूण लांबी बरोबरच मिळते."

"व्यापारी गठ्ठा नेसत नाही, साहेब. दुकानात तागा सुटा होतो. त्यावर माझा चाळीस वारांचा शिक्का असतो. तीस इंच तोकडा तागा ज्याच्या घरी गेला, त्याला दुसऱ्याच्या घरच्या तीस इंचांचा काय उपयोग?"

"तीस इंच फरकाचा तागा तुम्ही वेगळा काढताच की. मग शिक्क्याचा प्रश्न कुठं येतो?"

"मग वेगळा काढलेला तागा विणणाऱ्याला पहिला नंबर कसा?"

इथं त्यांनी तिसऱ्या रकान्यावरून बोट फिरवलं. मला वाटलं, समजलं. ते म्हणाले, "बेरीज शून्याजवळ म्हणजे काम शून्याजवळ. जगात सगळे हिशेब असेच लागतात. गणित मला शिकवू नका. आणि तुमचे मामा महिन्याला सहा वार सूत फुकट वाटतात. ते कोणाच्या घरचं?"

या शेवटच्या वाक्याला माझ्याकडं उत्तर होतं. वजन चढवून तागा लांब येतो तेव्हा उभं सूत जास्त लागत नाही; तेवढंच सूत कमी आटतं. मी ते सांगितलंही. त्यांनी वही मिटली. तुमचं बोलणं संपलं, हे वही मिटून सांगायची पद्धत हिशेबखात्यात असावी.

माढ्याच्या गड्याला त्याच्या पहिल्या नंबराचं हसू येत होतं. माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "कारकून, म्या लई हुशार झालो म्हणं?"

"बेरजेत झालास."

"माजा एक तागा हत्तीवाणी, एक शेळीवाणी. साहेबानं दोघांस्नी एका दावणीला बांधलं आन् म्हणला, ह्या बगा दोन म्हशी!" खाली बसलेली घडीवाली माणसं पोट धरून हसली. मग तो हळूच म्हणाला, "मामाचं काय व्हनार?"

"पुढच्या महिन्यात पुन्हा बाकी अठराच्या बाहेर गेली तर साचे जाणार."

"मंग मामाला सांगा की, दोन शेळ्या इणा म्हणून."

तो चेष्टेत बोलला होता. पण मी त्या वाक्याला धरून बसलो.

दुसरा महिना निम्म्याहून जास्त संपला होता. मी साहेबांकडे आणखी दोनदा जाऊन आलो होतो आणि दोन्ही वेळा वही मिटली गेली होती. मामा आपले नेहमीसारखे विणत होते. सोळा तागे झाले, सोळांची बेरीज एकशे चव्वेचाळीस इंच जास्त. आठ तागे राहिले होते.

जेवणाच्या सुट्टीत मी कापडावर खुणा करायची निळी पेन्सिल घेतली आणि टेबलाच्या फळीवरच गणित मांडलं. उरलेल्या प्रत्येक ताग्याचा फरक य धरला. एकशे चव्वेचाळीस अधिक आठ य ही महिन्याची बाकी. ती उणे अठरा आणि अधिक अठरा यांच्यामध्ये हवी. तिन्ही जागांमधून एकशे चव्वेचाळीस वजा केले: आठ य हा उणे एकशे बासष्ट आणि उणे एकशे सव्वीस यांच्यामध्ये. आठानं भागलं: य हा उणे सव्वावीस आणि उणे पावणेसोळा यांच्यामध्ये. म्हणजे प्रत्येक तागा पावणेसोळा ते सव्वावीस इंच आखूड यायला हवा.

पण एवढ्यानं भागत नव्हतं. खिळे होतेच. अठरापेक्षा जास्त आखूड झाला तर तागाच नापास. म्हणून मी एकाखाली एक दोन रेघा ओढल्या. वरच्या रेघेवर खिळ्यांचा पट्टा, उणे अठरापासून अठरापर्यंत. खालच्या रेघेवर साहेबांचा पट्टा, उणे सव्वावीसपासून उणे पावणेसोळापर्यंत. दोन्ही पट्टे जिथं एकावर एक येतात तेवढीच जागा मामांची. ती होती उणे अठरा ते उणे पावणेसोळा, सव्वादोन इंचांची. एवढ्याशा जागेत एका माणसाचे दोन साचे बसवायचे होते.

मी मामांना बोलावलं. म्हणालो, "आठही तागे सतरा इंच कमी विणा. सोळाही चालतील, अठराही, पण सतरा धरा म्हणजे दोन्ही बाजूंना थोडी जागा राहील. वजनं उतरवा, धागा सैल सोडा. एकही तागा नापास होणार नाही आणि बाकी आठ इंच उरेल. साचे राहतील."

मामा टेबलावरच्या रेघांकडे बघत राहिले. "सैल कापड यील."

"येईल."

"सतरा इंच. म्हणजे जवळजवळ दोन वीत कमी. लोकाला."

"खिळ्यांच्या आत आहे, मामा. नियमात आहे."

"नियमात हाय, राव. पण ते देणं न्हाय." त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "तुमी लिवून बघितलं का? बरोबर हाय?"

"दोनदा तपासलं."

"घरात मागावर आता काय मिळत न्हाय. गिरणीनंच मारलं त्याला." एवढं बोलून ते साच्याकडं गेले. मी मागं जाऊन पाहिलं. त्यांनी बीमच्या साखळीतली वजनं एकेक काढली आणि भिंतीशी ओळीनं ठेवली. काढताना ती त्यांनी आपटली नाहीत.

त्यानंतर एकामागून एक सात तागे आले. सतरा कमी, सोळा कमी, सतरा, अठरा, सतरा, सतरा, सतरा. अठरावाला नेमका डाव्या खिळ्याला टेकला. टेकलं तरी आत; मी शिक्का मारला. त्या कापडाला हात लावला की ते मामांचं वाटत नव्हतं. ढिलं, चुरगळलेलं, मध्येच फुगलेलं. घडी टाकणाऱ्यांतला एकजण म्हणाला, "मामाचं वय झालं की काय?" मी त्याच्यावर एवढा ओरडलो की तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. खरं तर मला स्वतःवर ओरडायचं होतं. चांगल्या विणकराला वाईट विणायला मी लावलं होतं, आणि वर दोनदा तपासलं होतं.

सात तागे झाल्यावर बाकी पंचवीस होती. आठवा सतरा कमी आला की आठ.

आठवा तागा महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी आला. मामा तो स्वतः खांद्यावर घेऊन आले. एरवी गाडीवरून यायचा. घड्या पडू लागल्या तसं मला कापडाच्या आवाजावरूनच कळलं. ताठ कापडाची घडी वेगळी वाजते. चाळिसावी घडी पडली आणि टोक शून्य ओलांडून उजवीकडे आलं. नऊ इंचांवर.

मी मान वर केली. मामा समोर उभे होते.

"हे काय केलं?"

"न्हाय जमलं, राव."

"मामा, बाकी चौतीस होते. अठराच्या बाहेर. आज शेवटचा दिवस आहे."

"व्हय."

माझ्या हातात पेन होतं. कमीच्या रकान्यात सतरा लिहिले असते तर कोणी बघायला येत नव्हतं. साहेब ताग्याला हात लावत नसत, त्यांना आकडा पुरे. घडी टाकणारे खाली मान घालून बसले होते. त्यांनी मुद्दाम मान खाली घातली होती, हे मला दिसत होतं. मी पेन कमीच्या रकान्यावर नेलंही.

मामा म्हणाले, "खरं लिवा."

"साचे जातील."

"सात तागे तुमच्या गणितासाठी विणले. ह्यो न्हाय. ह्याला तुमी खोटं लिवलं तर ह्यो बी तसलाच झाला की."

मी नऊ लिहिले. जास्तच्या रकान्यात. अकरा वर्षांत एवढं दाबून लिहिलेलं दुसरं अक्षर नसेल. खालच्या पानावरही नऊ उमटले. मी खरं लिहिलं म्हणून मला बरं वाटलं, असं कोणी समजू नये. मला मामांचा राग आला होता. एका वितीसाठी! घरात खाणारी सहा माणसं होती त्यांच्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मामांना बोलावलं. मी न बोलावता गेलो. साहेबांनी पान उघडलं, बाकी वाचली आणि खरोखरच हळहळून म्हणाले, "दोनशे सोळावरून चौतीसवर आलात. सुधारणा आहे. आधीच लक्ष दिलं असतंत तर ही वेळ आली नसती."

मग माझा ताबा सुटला. मी म्हणालो, "साहेब, ही सुधारणा नाही. यांनी चांगले तागे सोडून वाईट विणले, तेव्हा तुमचा आकडा खाली आला. सगळ्यांत वाईट विणलं असतं तर शून्य आला असता. अठ्ठेचाळीस तागे झाले या दोन महिन्यांत. अठ्ठेचाळीसही खिळ्यांच्या आत. माझी यादी आहे. तिच्यावर एवढं एक वाक्य लिहून सही करा आणि मग काढा साचे."

"माझ्या वहीत असा रकाना नाही," साहेब म्हणाले.

"माझ्या यादीत आहे."

"तुमची यादी गिरणीचं दप्तर नाही."

मामांनी मला दंडाला धरून बाहेर आणलं. दारात म्हणाले, "नका भांडू. तुमचं टेबल जाईल." मग थोडं हसून, "खिळे कोण बघणार मग?"

ते बदलीच्या रांगेत चार सकाळी उभे राहिले. पाचव्या दिवसापासून आले नाहीत.

त्यांचे दोन साचे माढ्याच्या गड्याला मिळाले, कारण वहीत तो पहिला होता. तो माझ्याकडे रडवेला होऊन आला. "कारकून, चार साचं मला न्हाय झेपत. साहेबाला सांगा की." मी त्याला सांगितलं की माझं सांगणं तिथं चालत नाही, तूच जाऊन सांग. तो गेला आणि साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारून परत पाठवला.

मामांच्या साच्यांवरचा त्याचा पहिला तागा एकतीस इंच कमी आला. दुसरा एकोणतीस इंच जास्त. मी दोन्ही उचलून वेगळ्या ढिगात फेकले, वहीत दोन्ही आकडे आपापल्या रकान्यात लिहिले आणि वही साहेबांकडे पाठवली. संध्याकाळी ती परत आली. बाकीच्या जागी दोन इंच मांडलेले होते, आणि पुढं मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं होतं, 'उत्तम'.